ई-बुक स्वस्त की छापील पुस्तक? गावाकडच्या वाचकासाठी किमतीचा हिशोब

पुणे : दहावीचं पाठ्यपुस्तक असो, स्पर्धा परीक्षेचा ठोकळा असो नाहीतर एखादी कादंबरी, गावातल्या वाचकापुढं आता दोन किमती येतात. एक पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाची, दुसरी मोबाईलवर दिसणारी. मोबाईलवरची किंमत बहुतेक वेळा कमी असते. पण ती दिसते तितकी कमी असतेच असं नाही. शिवाय काही पुस्तकांसाठी तर दोन्हीकडं एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि हे अजून कितीतरी पालकांना माहीत नाही.

त्यामुळं सुरुवात फुकटापासून.

पाठ्यपुस्तक आधी फुकट शोधा

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचं मुख्य कार्यालय आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली ही संस्था राज्याची पाठ्यपुस्तकं तयार करते. तिच्या संकेतस्थळावर पहिली ते बारावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात आहेत आणि ती मोफत डाऊनलोड करता येतात. पहिली ते आठवीच्या मुलांना जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत छापील पुस्तकंही मोफत मिळतात. खरा खर्च नववीपासून पुढं सुरू होतो, तिथं छापील संच पालकाला विकत घ्यावा लागतो.

इथं एक गोष्ट नेहमी घडते. पीडीएफ फुकट मिळाली म्हणून पालक ती पेन ड्राईव्हवर घेतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि झेरॉक्सच्या दुकानात अख्खं पुस्तक काढून घेतात. पानाला दोन रुपये धरले तरी १६० पानांचे ३२० रुपये झाले. बालभारतीचं छापील पुस्तक त्याहून बरंच कमी किमतीत येतं, कारण ते लाखोंच्या संख्येनं छापलं जातं. म्हणजे फुकटची पीडीएफ कागदावर उतरवली की तीच सगळ्यात महाग पडते. पीडीएफ मोबाईलवरच वाचायची, आणि रोज हाताळायचं पुस्तक छापील घ्यायचं, हेच परवडतं.

एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. दरवर्षी कितीतरी मुलं-मुली जुन्नर, भोर, इंदापूर, दौंडकडून आणि मराठवाड्या-विदर्भातून पुण्याच्या सदाशिव पेठ, नवी पेठेत येतात. खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिका यांवरच घरचे पैसे संपतात. या परीक्षांचा पाया राज्य मंडळाच्या इतिहास, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकांवर घातला जातो, हे शिकवणारे सगळेच सांगतात. तो पाया पुण्याला येण्याआधी गावात बसून, मोबाईलवर, पैसे न देता घालता येतो. पुण्यात येऊन पहिल्याच आठवड्यात हजारोंची पुस्तकं उचलणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

बालभारतीचंच ‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. मराठी विश्वकोशाचे छापील २० खंड घरात ठेवायचे म्हटले तर कपाट लागेल, पण तोच विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपल्या प्रकाशनांतली शेकडो पुस्तकं पीडीएफ करून खुली केली आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानं जुनी, दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींची पुस्तकं आहेत. ठाण्याचं ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांनी स्वतःहून दिलेली पुस्तकं मोफत वाटतं. दृष्टिहीन वाचकांसाठी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. तिथं नोंदणी केली की वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात.

लेखक गेल्यावर ६० वर्षांनी

जुन्या पुस्तकांबाबत कायदा सरळ आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणं लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात.

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणून २०११ सुरू झाल्यापासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते, मोबाईलवर ठेवता येते. आज हे पुस्तक अनेक प्रकाशकांकडून वेगवेगळ्या किमतीत मिळतं, त्याचं कारण हेच. महात्मा फुले यांचं निधन १८९० चं, त्यांच्या लेखनाचा प्रश्नच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतःच्या लेखनावरची मुदत २०१६ अखेर संपली. ‘ग्रामगीता’ लिहिणारे तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची मुदत २०२८ अखेरपर्यंत. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघंही १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०३० पासून खुलं होईल. वि. स. खांडेकरांसाठी २०३७ उजाडावं लागेल आणि पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६१.

एक बारकावा मात्र आहे. मूळ लेखन खुलं झालं तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं किंवा नवा अनुवाद यांच्यावर त्या-त्या माणसाचा वेगळा हक्क असतो. त्यामुळं जुनी संहिता फुकट वाचायला हरकत नाही, पण परवाच बाजारात आलेली सचित्र आवृत्ती स्कॅन करून वाटली तर ते चालत नाही.

कागद वाचला, मग किंमत अर्धी का नाही?

आता विकत घ्यायच्या पुस्तकांकडं येऊ. ई-बुक म्हटलं की लोक सरळ विचारतात, कागद नाही, छपाई नाही, ट्रान्सपोर्ट नाही, तर तीनशेचं पुस्तक तीस रुपयांना का देत नाहीत?

हिशोबासाठी ३०० रुपयांचं एक छापील पुस्तक धरू. विक्रेता आणि वितरक मिळून त्यातले शंभर ते सव्वाशे रुपये जातात, दुकानाचं भाडं आणि गिऱ्हाइकाला दिलेली सवलत त्यातूनच निघते. लेखकाचं मानधन दहा टक्क्यांच्या आसपास धरलं तर ३० रुपये. कागद, छपाई, बांधणीचे ७०-८० रुपये. उरलेल्या पैशांत संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, न खपलेल्या प्रती आणि शेवटी प्रकाशकाचा नफा. ई-बुकमध्ये यातला कागद-छपाईचा भाग आणि गोदाम वाचतं. बाकी कामं तीच राहतात. ऑनलाइन दुकानदारही आपला वाटा घेतोच, आणि तो लहान नसतो. किंडलवर पुस्तक ठेवणाऱ्याला अटींप्रमाणं ३५ किंवा ७० टक्के मिळतात, म्हणजे कमीत कमी ३० टक्के तिकडं जातात.

शिवाय मराठी पुस्तक लाखांनी खपत नाही. पहिली आवृत्ती सहसा हजार प्रतींच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. संपादन आणि मुखपृष्ठाचा खर्च एवढ्याच वाचकांवर वाटला जातो. इंग्रजी पुस्तकाचं ई-बुक कधीकधी खूप स्वस्त दिसतं, कारण त्याचा खर्च जगभरच्या वाचकांवर पसरलेला असतो. तिकडंही ई-बुक सदासर्वकाळ स्वस्त राहिलं असं नाही. २००७ मध्ये अमेरिकेत किंडल आलं तेव्हा गाजलेली पुस्तकं ९.९९ डॉलरला मिळायची. पुढं मोठ्या प्रकाशकांनी किंमत ठरवणं आपल्या हातात घेतलं आणि आता नव्या पुस्तकाचं ई-बुक साध्या बांधणीच्या छापील प्रतीपेक्षा महाग दिसणं तिथं नवलाचं राहिलेलं नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि तिचा संबंध पुण्याशी आहे. युनिकोड रुळण्याआधीची बहुतेक मराठी पुस्तकं श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. श्री-लिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची. तिनं मराठी छपाईची मोठी सोय केली, पण त्या काळच्या फॉन्टमधला मजकूर आजच्या मोबाईलवर तसाच उघडला तर अक्षरांचा काला होतो. तो युनिकोडमध्ये बदलायचा, जोडाक्षरं आणि रफार बिघडलेत का ते पाहायचं आणि पुन्हा पानन् पान वाचून काढायचं, असं सगळं करावं लागतं. हे माणसाचं काम आहे आणि त्याला पैसे पडतात. ज्या प्रकाशकाला ते परवडत नाही तो पानांचे फोटो असलेली पीडीएफ विकतो.

वाचकाला याचा फरक लगेच कळतो. ईपब किंवा किंडल स्वरूपातलं पुस्तक मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेतं. आजीला चष्म्यासह वाचायचं असेल तर हेच कामाचं. फोटोवाली पीडीएफ मोठी केली की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडं सरकवावं लागतं. नुसत्या मजकुराचं ई-बुक एक-दोन एमबीत येतं. स्कॅन केलेलं जुनं पुस्तक शंभर एमबीच्या वर जाऊ शकतं. ज्या गावात एकाच कोपऱ्यावर रेंज येते तिथं हा फरक छोटा नाही. म्हणून विकत घेण्याआधी ‘नमुना पानं’ उघडून पाहायची. तिथंच कळतं की अक्षर मोठं होतंय की नुसता फोटो आहे.

कराचं उलटं गणित

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर आहे. सुरुवातीला तो १८ टक्के होता. २७ जुलै २०१८ पासून, ज्या ई-बुकची छापील आवृत्ती आहे त्याच्यावर तो ५ टक्के झाला. फक्त मोबाईलसाठीच निघालेल्या, छापील प्रत नसलेल्या पुस्तकाला ही सवलत नाही. २०० रुपये मूळ किमतीवर ५ टक्क्यांनी १० रुपये होतात, १८ टक्क्यांनी ३६.

छापील पुस्तक करमुक्त असलं तरी कर त्यात लपलेला असतोच. प्रकाशक कागद विकत घेतो तेव्हा त्यावर जीएसटी भरतो. पुस्तक करमुक्त असल्यानं त्याला त्याचा परतावा मिळत नाही, मग तो खर्च किमतीत मिसळतो. गिऱ्हाइकाच्या बिलावर तो दिसत नाही, एवढंच.

एकाच पुस्तकाचा दोन्ही बाजूंनी हिशोब

मराठी ई-बुक आता मिळणं अवघड राहिलेलं नाही. पुण्याच्या ‘बुकगंगा’वर छापील आणि ई-बुक दोन्ही मिळतात, ई-बुक त्यांच्याच ॲपमध्ये वाचता येतं. ॲमेझॉननं डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आणली आणि त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही, मोबाईलमधलं मोफत ॲप चालतं. फरक पुस्तकागणिक बदलतो. कुठं ई-बुक वीस-तीस टक्क्यांनी स्वस्त, कुठं निम्म्यानं. तर कधी दुकानाची सवलत किंवा प्रकाशकाचा संच घेतला की छापील प्रतच खाली येते.

वरच्याच ३०० रुपयांच्या पुस्तकाचं ई-बुक २१० रुपयांना आहे असं समजा. छापील प्रत १० टक्के सवलतीनं २७० ला पडली, आणि टपालाचे २४ धरले तर २९४. ई-बुक ८४ रुपयांनी स्वस्त. एकट्यानं, एकदाच वाचायचं असेल तर ई-बुक घ्यावं, यात वाद नाही.

पण छापील प्रत वाचून झाल्यावर १०० रुपयांना गेली तर ती १९४ लाच पडली. अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं आणि परीक्षांची पुस्तकं घेण्या-विकण्याचा धंदा कित्येक वर्षांचा आहे. गावातही धाकट्या भावाला, शेजारच्या मुलीला पुस्तक जातं. घरातल्या तिघांनी वाचलं तर माणशी ९८ रुपये. ई-बुक मात्र विकता येत नाही, वाचनालयाला देता येत नाही, रद्दीतसुद्धा जात नाही. एकाच खात्यावर घरातल्या दोन-तीन मोबाईलवर उघडता येतं, तेवढीच सोय.

याचं कारण असं, की ई-बुकचे पैसे भरल्यावर आपण पुस्तकाचे मालक होत नाही, वाचायची परवानगी घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्काच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही विकलेली पुस्तकं उघडायची थांबली आणि पैसे परत करावे लागले. दरवर्षी बदलणाऱ्या परीक्षेच्या पुस्तकाला या धोक्याचं काही वाटायला नको. ज्ञानेश्वरी, शेतीवरचं संदर्भ पुस्तक, वीस वर्षं घरात राहायचा शब्दकोश यांचं तसं नाही.

ग्रुपवर आलेली पीडीएफ

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर नवी पुस्तकंही फुकट फिरतात. हयात लेखकाचं, बाजारात विक्रीला असलेलं पुस्तक असं वाटणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दहा-वीस रुपये घेऊन ‘सगळी पुस्तकं एकत्र’ विकणाऱ्यांना मात्र ती पळवाट नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी हजार प्रतींच्या आवृत्तीत शंभर वाचक पीडीएफवर गेले तर दुसरी आवृत्ती निघत नाही. ग्रामीण भागावर, शेतीवर, बोलीभाषेत लिहिणाऱ्यांची पुस्तकं आधीच कमी छापली जातात, पहिला फटका त्यांनाच बसतो. परीक्षेच्या ठोकळ्याच्या अशा पीडीएफचा आणखी एक त्रास म्हणजे ती बहुतेक वेळा जुनी आवृत्ती असते. अभ्यासक्रम बदललेला असतो आणि ते परीक्षेत कळतं.

पैसे नसतील तर गावातलं सार्वजनिक वाचनालय हा सरळ मार्ग आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना राज्य सरकारचं अनुदान मिळतं आणि त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करायचा असतो. कुठलं पुस्तक हवं हे सभासदांनी लेखी मागितलं तर ग्रंथपालालाही यादी करायला सोपं जातं.

टपालाचा खर्च कसा आवरायचा

छापील पुस्तक महाग पडतं ते बऱ्याचदा गावापर्यंत आणण्यामुळं. स्वारगेटपर्यंत एसटी आणि पुढं पीएमपी, एका पुस्तकासाठी हे परवडत नाही. (१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा पुस्तकं आणायला घरातल्या आईला किंवा ताईला पाठवणारेही आहेत.) डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. शहरात जायचंच असेल तर ती वेळ बरी, एकाच जागी सगळे प्रकाशक आणि सवलत.

पुस्तकांसाठीची जुनी नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा टपाल खात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा प्रकाशकांनी बरीच ओरड केली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठं पोचलं ते मोबाईलवर पाहता येतं. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्य यातून जातं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं, आणि मासिकं किंवा जाहिरातींची पुस्तिका चालत नाही. हे पार्सल रस्त्यानं किंवा रेल्वेनं जातं, त्यामुळं थोडे दिवस जास्त लागतात.

विक्रेते बऱ्याचदा न विचारता कुरियर लावतात. ऑर्डर देताना ‘ज्ञान पोस्टनं पाठवा’ असं सांगावं लागतं. आणि एकेक पुस्तक मागवण्यापेक्षा गावातल्या चार-पाच घरांनी, तरुण मंडळानं किंवा वाचनालयानं एकत्र ऑर्डर द्यावी. ३०० ग्रॅमची १५-१६ पुस्तकं पाच किलोत बसतात. कर वगळून १०० रुपये वाटून घेतले तर पुस्तकामागं टपाल सहा-सात रुपये. एवढ्या मोठ्या ऑर्डरवर दहाच्या जागी पंधरा-वीस टक्के सवलत मागायलाही जागा राहते. ती मिळाली तर वरचं ३०० रुपयांचं पुस्तक २४० आणि टपालाचे सात, म्हणजे २४७ रुपयांत गावात येतं. दोन घरांनी मिळून वाचलं तर ते ई-बुकच्याही खाली गेलं.